गंजलेला खिळा

"रंग हात ओळखतो, सूनबाई," असे म्हणत सासूबाईंनी सुनेच्या हंड्यातला रुमाल चिमटीत धरून उंच केला. व्हायचा होता पिवळाधमक, झाला होता शेवाळी. हंडे दोन्ही तांब्याचे, साली त्याच डाळिंबांच्या, तुरटी तेवढीच, पाणी एकाच नळाचे. तरी सासूबाईंच्या हंड्यातून सोने निघे आणि तिच्या हंड्यातून चिखल! आणि पिवळा साधल्याशिवाय रंगाच्या खोलीच्या किल्ल्या काही मिळायच्या नव्हत्या.

सहाव्या दिवशी तिने हंड्यात कापड घातलेच नाही. उकळलेले पाणी सरळ चाळणीतून ओतले. सालींच्या चोथ्यात एक गंजलेला खिळा निघाला. लोखंड लागले की डाळिंबाचा पिवळा काळवंडतो, हे तर सासूबाईंनीच पहिल्या दिवशी शिकवले होते.

"आई, हा माझ्या हंड्यात आलाच कसा?"

"मीच टाकते. रोज, तू साली निवडायला वळलीस की." सासूबाईंनी कमरेच्या किल्ल्या सोडून तिच्या हातात दिल्या. "मला शोधायला चार महिने लागले होते. माझ्या सासूबाई पदराआड हसायच्या."

सून खिळा फेकायला निघाली, तशा त्या कडाडल्या, "अगं, फेकतेस काय! तुझी सून येईपर्यंत जपून ठेव."