किती वर्षं वापरणार?

"चालू झाली का?" तिने विचारलं.

"कधीचीच," सेल्सवाली हसली. "बॅटरीवर असली की आवाजच करत नाही, काकू."

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. उंचीने ठेंगणी, म्हणून सीट पार पुढे ओढलेली, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असे घट्ट, की कुणी उतरवायला आलं तर भांडलीच असती. घरच्या जुन्या गाडीतून उठायला तिला आता नवऱ्याचा हात लागे. या उंच गाडीत मात्र ती आपली आपण चढली होती. आजारपणाने तोंड सुपारीएवढं झालेलं, तरी आज त्यावर हसू होतं. दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याला ते बघून बरं वाटायला हवं होतं. तो दुसरीकडे बघू लागला.

शेजारी त्याच बांध्याची, त्याच रंगाची दुसरी गाडी उभी होती. ती निव्वळ पेट्रोलची; ही हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. ही की ती, यावर घरात तीन आठवडे खल चालला होता.

"अहो, हिशेब सरळ आहे," ती म्हणाली. "हॉस्पिटलला जाऊन-येऊन सेहेचाळीस किलोमीटर. ही एका चार्जवर साठ जाते. घरी आलं की प्लग लावायचा, संपलं. पेट्रोल लागणार ते लेकीकडे जाताना."

"पण ही दोन डगरींवर पाय ठेवणारी गाडी," तो म्हणाला. "इंजिनही सांभाळा, बॅटरीही सांभाळा."

"मी एकतीस वर्षं तुम्हालाही सांभाळलं आणि तुमच्या आईलाही. माझं काय बिघडलं?"

सेल्सवालीला हसू आवरेना. "किंमत जास्त आहे काका, खोटं नाही सांगणार. पण पाच-सहा वर्षांत ती वसूल होते. पुढे सगळा फायदाच. बॅटरीला तर आठ वर्षांची वॉरंटी आहे."

त्याने मान हलवली. ही सगळी आकडेमोड त्याने कामावर बसून एका कागदावर करून पाहिली होती. उत्तर पेट्रोलच्या बाजूने येत होतं, आणि का ते सांगायची सोय नव्हती. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं होतं. बाहेर येऊन त्याने तिला सांगितलं, औषधं लागू पडताहेत, पण वेळ लागेल. तिने विचारलं, नक्की ना? तो म्हणाला, नक्की. पुढे गाडीच्या हिशेबात आपण तिची वर्षं मांडली, याची त्याला इतकी लाज वाटली, की त्याने तो कागद घरी आणलाच नाही.

आणि आता ती स्टिअरिंग धरून बसली होती.

"बरं बाई, तुझंच खरं," तो म्हणाला. "हीच घेऊ."

"आणि नाव माझं! ठरलंय आपलं. घर तुमच्या नावावर, जुनी गाडी तुमच्या नावावर, गॅससुद्धा तुमच्या नावावर. ही माझ्या."

"तुझ्याच."

तिघं टेबलाशी येऊन बसली. तिने पर्समधून आपले कागद काढले, घरूनच क्रमाने लावून आणलेले. सेल्सवाली फॉर्म भरू लागली. रोजचं फिरणं किती, घरी पार्किंग आहे का, चार्जिंगची सोय कुठे. लग्न जमवतानाही कुणी इतकं विचारत नाही.

"वाढीव वॉरंटीसाठी एक विचारते, काका. किती वर्षं वापरणार?"

तो लिफ्ट तपासणारा माणूस. उभा जन्म त्याला लोकांनी एकच प्रश्न विचारला होता, हा दोर अजून किती वर्षं चालेल? तो हात पुसता पुसता आकडा सांगे. नेहमी कमीतला. प्रश्न कानावर पडला की तोंड आपोआप उत्तर देऊन मोकळं होई.

"दोन," तो म्हणाला. "फार तर."

मग त्याला आपलाच आवाज ऐकू आला.

"म्हणजे, दहा. दहा लिहा. दहा तर कुठे गेली नाहीत."

बायको त्याच्याकडे बघत होती. याचा आकडा कधी बदलत नसे. बिल्डिंगवाले हातापाया पडले तरी दोनाचे अडीच होत नसत. जेवता जेवता फोन घेऊन तो हेच, अशाच आवाजात बोलायचा. तिने ते हजारदा ऐकलं होतं.

"फार तर?" तिने हळूच विचारलं.

त्याने टेबलावरचा फॉर्म उगाच सरळ केला.

तिने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, सावकाश संपवला आणि खाली ठेवला.

"पेट्रोलची लिहा हो," ती सेल्सवालीला म्हणाली.

"अगं नको, हायब्रिडच घेऊ," त्याचा आवाज फाटला. "तुला आवडलीय ना? मी म्हणतो म्हणून घेऊ."

"आवडलीय तर. पण हिशेब सरळ आहे."

सेल्सवालीला काही उमगेना. तिने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नवा फॉर्म घेतला. "नोंदणी काकूंच्याच नावावर ना?"

"नको, यांच्या नावावर करा." तिने आपले कागद एकेक करून पर्समध्ये परत ठेवले आणि चेन लावली. "नंतर नाव बदलायला खेपा घालाव्या लागतात. यांना तसलं काही जमत नाही."