कोमट

गिझरचं बटण साठावर. बटणाच्या टोकाशी पेन्सिलची रेघ, केसाएवढी.

पलंगाखाली भरलेली पिशवी. वर इस्त्रीचे दोन सदरे, त्यांवर दाढीचं सामान.

मोठ्या मुलीला केलेला फोन. "येऊ का तुझ्याकडे राहायला?" "या की. पण झालं काय, बाबा?" "काही नाही. एकदा खात्री झाली की सांगतो."

बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल. स्टुलावर रंगमास्तर, हातात पेपर. पेपर सुलटा होता, एवढंच. वाचत ते नव्हतेच.

कापडाच्या कारखान्यात, रंगाच्या हौदांपाशी त्यांचा जन्म गेला होता. हौदात बोटं बुडवायची आणि आकडा सांगायचा. थर्मामीटर भिंतीला टांगलेला असायचा, शोभेला. आता तीच बोटं आठवडाभर सांगत होती की घरातल्या गिझरचं पाणी कोमट येतंय.

सून एकदा जेवताना म्हणाली होती, "साठ कशाला, बाबा? पन्नास पुरे झालं. वीजही वाचेल." मास्तर तेव्हा हसले, पण मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. त्यांनी बटणापाशी रेघ मारून ठेवली. रोज बघावं तर बटण रेघेवर आणि पाणी कोमट. दुसऱ्या कुणाचा संशय फिटला असता. मास्तरांचा वाढला. म्हणजे ही बटण खाली फिरवते आणि मागाहून बरोबर रेघेवर आणून ठेवते. रेघ बघितलीय हिने. दिसते तेवढी साधी नाही.

त्यात काल तिने विचारलं, "बाबा, पाय लाल दिसतायत तुमचे. मलम देऊ?" हेही त्यांना खटकलं. मनात काही नसलेली सून सासऱ्याच्या पायांकडे कशाला बघत बसेल?

म्हणून आज मुलगा कामावर गेल्या गेल्या त्यांनी बटण थेट शेवटच्या आकड्यावर नेलं, पंचाहत्तरवर, आणि दारात ठाण मांडलं. चहा आला तोही तिथेच प्यायले.

धुण्याची बादली घेऊन सून दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा थांबली.

"बाबा, तुम्हाला जायचंय का आत?"

"नाही."

"मग मी जाऊ?"

"काय काम आहे?"

"बाथरूममध्ये काय काम असतं, बाबा?"

"थांब. आधी मी."

आत गिझरचा लाल दिवा विझलेला होता. मास्तरांनी बादली नळाखाली लावली, नुसत्या गरम पाण्याने भरली, आणि बोटं बुडवली.

कोमट.

ते जरा अडखळले. आत तर कुणीच आलं नव्हतं. मग एकदम लख्ख उजेड पडला डोक्यात. मेन स्विच बाहेर, स्वयंपाकघराच्या भिंतीला. दिवा विझला नव्हता, विझवला होता.

"इकडे ये," त्यांनी हाक मारली. "स्विच कधी बंद केलास?"

"कुठला स्विच?"

"साळसूदपणा नको. मी या घरात नको असेन तर तोंडाने सांग. पाण्याच्या आडून कशाला सांगतेस? माझी पिशवी भरून तयार आहे."

सून दारातच उभी राहिली. तिची नजर बादलीवर गेली. "बाबा, वाफा निघतायत त्यातून."

"वाफ काय, तोंडातूनही निघते. हात घालून बघ, मग बोल."

तिने वाकून बोटं बुडवली आणि तशीच झटकन मागे घेतली. दुसऱ्या हातात गच्च दाबून धरली. डोळ्यांत पाणी आलं. मास्तर बारकाईने बघत होते. हौदावर नवीन आलेली माणसं काम टाळायला हुबेहूब असंच करायची.

"छान जमतं तुला," ते म्हणाले.

त्यांनी बाही दुमडली. सावकाश, नीट, हौदावर दुमडायचे तशी. मग हात कोपरापर्यंत बादलीत घातला आणि ठेवला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"बघ. कोमट."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. पुढच्या क्षणी तिने त्यांचा दंड धरला, हात बाहेर ओढला आणि थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडून त्याखाली धरला. एवढा जोर तिच्या अंगात असेल असं मास्तरांना वाटलं नव्हतं.

मग त्यांनी खाली बघितलं.

कोपराशी स्वच्छ रेघ उमटली होती. रेघेच्या वर त्यांची रोजची कातडी, खाली लाल. नमुन्याची चिंधी हौदात अर्धी बुडवून काढली की नेमकी अशी दिसते. रंग चढला की नाही ते तिच्यावरून कळतं. मास्तर मान वाकवून बघत राहिले. पाणी हातावरून धो धो वाहत होतं.

"हे गरम आहे का गं?" त्यांनी विचारलं.

सुनेने नळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"गार आहे, बाबा," ती म्हणाली. "हे गार आहे."

साखरेच्या मागच्या तपासणीला डॉक्टरांनी मास्तरांना डोळे मिटायला सांगितलं होतं, तळपायाला टाचणी टोचली होती आणि लागतंय का विचारलं होतं. मास्तरांनी एक डोळा किलकिला ठेवला होता, आणि टाचणी टेकली की प्रत्येक वेळी ते "हो" म्हणाले होते.