उलटा नवस

शेवटची इनिंग सुरू झाली तशी तात्यांनी दुधाची किटली दारातच ठेवली आणि पुन्हा मोबाइलपुढं येऊन बसले. डेअरी बंद व्हायची वेळ झाली होती, पण आजचं दूध दह्यालाच जाणार हे विमलाबाईंनी ओळखलं. सोप्यात पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. त्यात हॉलंडमधलं एक हिरवंगार मैदान, आणि बघायला आलेली माणसं म्हणाल तर चार डोकी नि एक कुत्रं.

त्यांची एकुलती एक मुलगी निशिगंधा तिथल्या एका गावाच्या क्लबकडून सॉफ्टबॉल खेळत होती. कोल्हापुरात कॉलेजला असताना तिनं नाव काढलं, म्हणून त्या क्लबनं बोलावून घेतलं. राहायला खोली, फिरायला सायकल, आणि खेळायला असा संघ, की जिंकायचं कसं हेच तो विसरून गेलेला. यंदा एकही सामना पदरात पडला नव्हता. आजचा शेवटचा. हरलो तर बायकांचा संघच बंद करणार आहेत, मग काय, येतेच मी घरी, असं ती मागच्या रविवारी फोनवर म्हणाली होती. तात्या ते ऐकून गोठ्याकडं निघून गेले. विमलाबाईंनी मात्र लगेच देवापुढं साखर ठेवली.

त्याला कारण होतं. फाल्गुनात त्या एकट्याच शिरोळहून नृसिंहवाडीला जाऊन आल्या होत्या. दत्ताच्या पादुकांपुढं डोकं टेकून नवस बोलल्या होत्या, की पोरीचं तिथलं बस्तान उठू दे, ती घरी येऊ दे, महापूजा घालीन. घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आणि त्यानंतर तो संघ जो हरत सुटला, तो सुटलाच. सुरुवातीला विमलाबाईंना बरंच वाटलं; देवानं मनावर घेतलंय म्हणायचं. पुढं पुढं पोर फोनवर सांगायला लागली, हातात आलेला बॉल सुटतोय, का ते कळत नाही. तेव्हा त्या फोन तात्यांच्या हातात द्यायच्या. पण लेक समोर असावी ही ओढ काही कमी होत नव्हती. एवढं झालंय तर आणखी थोडं, असं म्हणून त्या मन घट्ट करायच्या.

मोबाइलमध्ये बॉल उंच उडाला आणि थेट निशिगंधाच्या डोक्यावर आला. शेंबडं पोरसुद्धा झेलेल असा. तिच्या हातमोज्यात पडला आणि बाहेर आला. समोरच्या दोघी पळत सुटल्या. आता निशिगंधाचा संघ दोन रनांनी मागं होता. तात्यांनी तोंड फिरवलं. निशिगंधा आपल्या हातमोज्याकडं बघत तशीच उभी राहिली, आणि विमलाबाईंना वाटलं, हा झेल आपणच सांडलाय.

तिच्या संघाची बॅटिंग आली. सगळ्या बाकड्यापाशी गोळा झाल्या. त्यातली एक तर विमलाबाईंच्याच वयाची, केस पांढरे, शाळेत शिकवते म्हणे. तिनं आपल्या बाहीनं निशिगंधाचं तोंड पुसलं. मग निशिगंधा कमरेत वाकली आणि तिनं मांडीवर सणसणीत शड्डू ठोकला. तिच्यामागून त्या सगळ्या गोऱ्यापान बायकांनी ठोकला. कुणाचा आधी, कुणाचा नंतर. पांढऱ्या केसांच्या बाईचा हात मांडी चुकून गुडघ्यावरच बसला, तशा सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या.

"आयला, तालीमच काढलीय की हिनं तिथं," तात्या म्हणाले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

विमलाबाई हसल्या नाहीत. घरी असताना निशिगंधा हरली की डोक्यावरून पांघरूण घेऊन पडायची, दोन-दोन दिवस धड जेवायची नाही. आणि तिथं सगळं साल हरून ती हसत होती. आपल्या घराबाहेर तिचं एक घर झालंय, आणि ते मोडावं म्हणून आपण देवाला साकडं घातलंय. विमलाबाईंना स्वतःची लाज वाटली.

"अहो," त्या म्हणाल्या, "हिनं परत यावं म्हणून मी वाडीला नवस बोललेली."

तात्या रागावले नाहीत. त्यांच्याही मनात तेच होतं. त्यांनी देवाला सांगितलं नव्हतं एवढंच.

गाडी काढा, आत्ताच्या आत्ता वाडीला जाऊन नवस मागं घेऊ, असं विमलाबाई धरून बसल्यावर तात्यांनी त्यांना समजावलं. कृष्णेला पाणी चढलंय, देवळात शिरलंय, वाटेत पोलीस उभे असतील. "पादुका पाण्याखाली हायत, विमल. जाऊन सांगणार कुणाला?"

तिकडं दोघी आऊट झाल्या होत्या, तिसरी गेली की खेळ संपला. पण आणखी दोघी कशाबशा बेसवर पोचल्या होत्या, आणि आता निशिगंधा बॅट घेऊन पुढं येत होती. जे काय व्हायचं ते आता तिच्याच हातात होतं.

विमलाबाई उठल्या. किटली ओलांडून अंगणात आल्या, वाडीच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. पाठीमागं तात्यांनी मोबाइल हातात घेतला होता, आणि त्यातून मांड्यांवर थापा पडल्याचा आवाज येत होता.

"पूजा मी घालणारच हाय, म्हाराज," त्या म्हणाल्या. "नवस फेडणारच. तुमी फक्त माझं ऐकू नका."