आबांचा अडॅप्टर

आबांच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर पाहुण्यांना त्यांचे पलटणीतले फोटो टीव्हीवर दाखवायचं ठरलं. पण आबांचा जुना लॅपटॉप मोठा मानी. कंपनीनं त्याचं पोर्टच जगावेगळं केलेलं, बाजारातली कुठलीही वायर त्यात बसत नसे. त्यांच्या लेकीनं, संयोगितानं, सांगलीहून मुद्दाम आणलेली नवी कोरी वायरही बसली नाही.

तेवढ्यात तिची धाकटी भावजय माया हात पुसत बाहेर आली. टीव्हीखालच्या खणात तिनं न बघताच हात घातला, बोटाएवढा पांढरा अडॅप्टर काढला आणि वायरीला जोडला. पडद्यावर वर्दीतले आबा उभे राहिले.

सगळे आबांकडे बघत होते, संयोगिता मायाच्या हाताकडे. सख्ख्या लेकीला ठाऊक नसलेला खण सुनेला ठाऊक असावा, हे तिला भर दुःखातही झोंबलं.

“आबांचं सगळं तुझ्याच हातात होतं म्हणायचं,” ती म्हणाली.

“व्हय वन्सं. रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल यायचा, तवा मीच जोडून द्यायची. लेक मोठी दिसली पायजे, म्हनायचे मामंजी.”

संयोगिताला भरून आलं. “मग तूही बसायचंस की गं शेजारी. इतक्या वर्षांत एकदाही दिसली नाहीस.”

माया टीव्हीकडेच बघत म्हणाली,

 

“कशी दिसनार? वायर जोडून झाली की म्हनायचे, ‘जा आता आत. मला माझ्या लेकीशी बोलू दे.’”