शाईची पिचकारी

आम्हा कोरियन लोकांना पांढरं नेसायची जपान्यांनी बंदी केली. बाजाराच्या दिवशी तो मेला फौजदार पिचकारी घेऊन वेशीवर उभा राहायचा आणि पांढरं दिसलं की काळी शाई उडवायचा. सुतकातले कपडे तेवढे माफ होते, कारण आमच्यात बाप गेला की तीन वर्षं पांढरंच घालतात.

पाच दिवसांनी पुन्हा बाजार भरला, तर झाडून सगळं गाव पांढऱ्यात!

"पाच दिवसांत इतके बाप मेले?" फौजदार खेकसला.

मुळे विकणाऱ्या मालसुन आजीनं शांतपणे हातातल्या मुळ्याची माती झटकली. "आमचं कुणी नाही गेलं, साहेब.


तुमचं राज्य जायचंय ना, त्याचं सुतक आत्तापासूनच धरलंय."