साळूची आई

“ही म्हातारी कोण? आई का तुमची?” केशरबाईनं कुशाबाला विचारलं.

अनुसया पोह्यांच्या बश्यांचं ताट ठेवून नुकतीच उंबऱ्यात जाऊन उभी राहिली होती. ती कुशाबाची आई नव्हती, बायको होती. वय बेचाळीस.

तिच्या साळूला बघायला मारुंजीची मंडळी रिहे गावात आली होती. मंडळी म्हणजे नवरा मुलगा वाल्मीक आणि त्याची आत्या केशरबाई. पोराची आई तो लहान असतानाच गेलेली, त्यामुळं त्या घरात आत्या म्हणेल तेच व्हायचं. पोरगा पिंपरीला कंपनीत कामाला होता.

दोन वर्षांपूर्वी हीच केशरबाई ह्याच घोंगडीवर बसून पोहे खाऊन गेली होती. साळू नाकीडोळी नीटस, कामाला वाघ. सगळं पसंत होतं. पण तेव्हाची अनुसया दारात उभी राहिली की दार भरायचं. तेवढं बघून ही बाई भर बैठकीत म्हणाली होती, “आई अशी हाय, म्हंजी पोरगी उद्या अशीच व्हनार. आमाला न्हाई जमायचं.”

बरं, नाही म्हणून गप्प तरी बसावं की नाही? पौडच्या बाजारात भेटेल त्या बाईला तिनं हेच सांगितलं. नंतर आलेली दोन्ही स्थळं तेवढ्याच बोलण्यावर परत गेली. पोरीत एक खोट नाही, आणि शिक्षा तिला!

अनुसयानं मग भात सोडला. भाताच्या गावात, आंबेमोहराचा वास घरभर सुटलेला असताना, ही बाई नाचणीची अर्धी भाकरी पाणचट ताकात कुस्करून खायची आणि उठायची. डोंगरावर लाकडाला जायची. चक्कर आली की झाडाला धरून उभी राहायची. दोन वर्षांत ती निम्मी झाली. चरबी गेली, तिच्याबरोबर अंगातलं बळही गेलं. कातडी मात्र होती तेवढीच राहिली.

दंडाची कातडी झोळीसारखी लोंबायची. पोटाची घडी मांडीवर यायची. घामानं घडीत लाल व्हायचं, आग व्हायची. तिथं ती खोबरेल लावायची आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची, मग कुठं चालता यायचं. दंड भरावेत म्हणून रोज सकाळी उखळात भात कांडायला बसायची. चार घाव घातले की मुसळ हातातून सुटायचं. ती ते पुन्हा उचलायची. आजच्यासाठी तिनं मुद्दाम लांब बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं होतं.

पण ताट खाली ठेवायला ती वाकली आणि सैल बाही वर सरकली. केशरबाईनं ती लोंबती कातडी पाहिली, ओघळलेले गाल पाहिले आणि बाईला म्हातारी ठरवून टाकलं.

कुशाबानं बायकोकडं पाहिलं. मारुंजीला निरोप त्यानंच पाठवला होता, ‘आता एकदा येऊन बघा’ एवढाच. दुसरं काही सांगू नका, त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या, असं अनुसयाच म्हणाली होती. केवढ्या हौसेनं म्हणाली होती बिचारी!

“आन ती जाडी कुटं हाय? पोरीची आई?” पोह्यात चमचा घालत केशरबाईनं विचारलं.

कुशाबानं मान खाली घातली. केशरबाईनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि काय समजायचं ते समजली.

“आरं द्येवा. गेली व्हय?” तिनं च् च् केलं. घास गिळला. मग वाल्मीककडं वळून म्हणाली, “मंग आता आडकाठी काय ऱ्हायली? पोरगी पसंत हाय आपल्याला.”

माणूस मेलं असं कळल्यावर कुणाला असं बोलवतं तरी कसं! आणि इथं तर ते माणूस समोर उभं होतं.

अनुसयानं साळूकडं पाहिलं. पोरगी पाटावर मान खाली घालून बसली होती. आता एक शब्द बोललं की हे स्थळही जाणार. नाही बोललं तर साखरपुड्याला पितळ उघडं पडणार, हे काय तिला कळत नव्हतं? पण ‘पसंत हाय’ हे ऐकायला ती दोन वर्षं उपाशी राहिली होती. तिनं पदर कपाळावर ओढला.

“व्हय बाई, गेली ती,” अनुसया म्हणाली. “मी आजी हाय पोरीची.”

कुशाबा घोंगडीचे दोरे उपसत बसला. नवरा म्हणायचा की दगड!

साळू पाटावरून उठली. बघायला आलेल्यांपुढं पोरीनं आपणहून उठायचं नसतं, बोलायचं तर मुळीच नसतं. ती सरळ आईपाशी गेली. तिनं आईची बाही दंडापर्यंत वर सारली आणि ती लोंबती कातडी दोन्ही हातांत धरली.

“ही माजी आई,” ती वाल्मीकला म्हणाली. “तुमच्या आत्याबाईंच्या एका बोलन्यापायी दोन वर्सं पोटभर जेवली न्हाई ती.” मग तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. “तुमचं काय म्हननं हाय? तुमी बोला.”

वाल्मीकनं आत्याकडं पाहिलं.

“आगं बया, फसवनूक!” केशरबाईनं बशी आदळली. “बघ वाल्मीक, बघ. आई अशी, म्हंजी पोरगी उद्या...”

“अशीच व्हनार,” साळू म्हणाली. “मी हिच्यासारखीच व्हनार हाय. पर तुमच्या घरात न्हाई.”