एक ते दहा

बत्तीस खाटांच्या वॉर्डात सिस्टर दोनच, थोरली आणि धाकटी. तिसरी मिळावी म्हणून दोघींनी वर्षभर अर्ज केले, तेव्हा कुठे व्यवस्थापनाने ‘कामातील समाधान’ मोजायला एक साहेब धाडले.

थोरली तेव्हा एका आजोबांची जखम पुसत होती.

“आजोबा, एक ते दहामध्ये सांगा, किती दुखतंय?”

“तुझा हात हलका आहे गं पोरी. चार लिही.”

तेवढ्यात साहेबांनी फॉर्मवरून मान वर न करताच विचारलं, “आणि सिस्टर, तुमचं? एक ते दहामध्ये?”

आपलं दुखणं कुणीतरी विचारलं, एवढ्यानेच तिला भरून आलं.

“दहा, साहेब! पायांचे तुकडे पडलेत. सकाळपासून बूड टेकलेलं नाही.”

“बाकीचं राहू द्या. फॉर्मात आकड्यापुरतीच जागा आहे.”

सोमवारी नोटीस लागली.



‘थोरल्या सिस्टरचे समाधान दहापैकी दहा. त्यात वाटेकरी नको, म्हणून धाकट्या सिस्टरची बदली करण्यात येत आहे.’